खाडी, टेकडी, तलाव: अधिवास सावरण्यासाठी निधी कसा उभारावा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत घराजवळचा कांदळवनाचा पट्टा, टेकडीचा उतार किंवा एखादा तलाव सावरावा असे वाटून एकत्र आलेल्या गटांचा पहिला प्रश्न बहुधा ‘पैसे कुठून आणायचे’ असा असतो. माझ्या मते हा प्रश्न जरा उशिराच विचारावा. जमीन कोणाची आहे, तिथे नेमके काय बिघडले आहे, ते दुरुस्त व्हायला किती वर्षे लागतील आणि त्या वर्षांत राबणार कोण, हे कागदावर आले की पैसा मिळवणे अवघड असले तरी अशक्य राहत नाही. हे ठरण्याआधी मिळालेला पैसा मात्र रोपे, फलक आणि छापील टोप्या यांत संपतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपे लावण्याची वेळ येते. म्हणून या लेखातील पायऱ्या जमिनीपासून सुरू होतात आणि निधीच्या स्रोतांपर्यंत पोहोचायला थोडा वेळ घेतात.

पहिली पायरी: जमीन कोणाच्या ताब्यात आहे ते शोधणे

सातबारा उतारा किंवा सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढणे हे पहिले काम. आपल्या भागात एकाच नजरेत मावणाऱ्या जागेवर तीन-चार यंत्रणांच्या हद्दी असू शकतात: वनविभाग, महसूल खाते, सिडको, महापालिका, एमआयडीसी, खारभूमी खाते आणि मधूनमधून खासगी खातेदार. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र १,६९० हेक्टर आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. या हद्दीच्या आत वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू होतो, त्यामुळे तिथे कोणत्याही गटाने परवानगीशिवाय प्रवेशही करू नये, मग काम तर दूरच. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथेही तेच बंधन. खारघरची टेकडी मात्र रायगड जिल्ह्यात आणि पनवेल महापालिकेच्या क्षेत्रात येते, त्यामुळे नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाने ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात खारघरसाठी अर्ज करून महिने घालवू नयेत. हे सांगण्याचे कारण असे की हा घोळ खरोखरच वारंवार होतो.

कांदळवनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट माहीत असणे आवश्यक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभर कांदळवनतोडीस मनाई केली, कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम आणि राडारोडा टाकणे बंद केले आणि शासकीय जमिनीवरील कांदळवने वनविभागाकडे सोपवण्यास सांगितले. तेव्हा ‘आम्ही झाडे वाढवण्यासाठीच जेसीबी आणतो आहोत’ हा युक्तिवाद कामाचा नाही. भराव काढणे, चर खणणे, बांध फोडणे ही कामे ज्या खात्याच्या ताब्यात जमीन आहे त्याच्याच हातून किंवा त्याच्या लेखी आदेशानेच व्हायला हवीत. खाडीकाठच्या कामासाठी पहिली भेट कांदळवन कक्षाच्या स्थानिक कार्यालयात घ्यावी. हा कक्ष २०१२ पासून वनविभागात काम करतो आणि त्याला जोडून कांदळवन प्रतिष्ठान ही संस्था आहे. ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र नवख्यांना जाण्यास सर्वांत सोपे ठिकाण आहे.

जमिनीचा कायदेशीर मालक एक आणि तिच्यावर जगणारे दुसरे, हेही इथे नेहमीचेच. दिवे, सारसोळे, करावे, दिवाळे, विटावा अशा गावांतील कोळी आणि आगरी कुटुंबांना कुठल्या खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत) भरतीचे पाणी पूर्वी कुठून शिरायचे, बांधातली कुठली उघाडी (पाण्याची झडप) कधी बुजली, जिताडा मासा कुठे मिळायचा, हे कोणत्याही उपग्रह नकाशापेक्षा चांगले आठवते. येऊरच्या पाड्यांवरील वारली कुटुंबांचे वनहक्क कायद्याखालील दावे असतात. यांना न विचारता आखलेल्या योजनेला निधी मिळाला तरी ती उभी राहत नाही, आणि राहू नये असेही मला वाटते.

दुसरी पायरी: नेमके काय बिघडले आहे ते ओळखणे

या पायरीवर जितका वेळ जाईल तितका पुढे पैसा वाचतो. एका गटाने निदान एका भरती-ओहोटीच्या चक्रात, आणि शक्य असल्यास उधाणाच्या दिवशी, जागेवर उभे राहून पाणी कसे येते आणि कसे जाते ते पाहावे. ठाणे खाडीत तिवर या कांदळवन वृक्षाचे प्रमाण सर्वाधिक आहे आणि तिवराचे बी पावसाळ्यात भरतीबरोबर आपोआप पसरते. खाडीच्या आतल्या भागात गाळ इतका साचतो आहे की कांदळवन पूर्वीच्या उघड्या चिखलपट्ट्यांवर स्वतःहून सरकते आहे. म्हणजे आपल्याकडे कांदळवनाची अडचण बहुतेक ठिकाणी रोपांच्या अभावाची नसते. भराव टाकून, बांध घालून किंवा पाइप बुजवून पाणी अडवल्याची असते. पाण्याची वाट मोकळी झाली तर तिवर परत येतो आणि वाट बंदच राहिली तर लावलेली रोपे एका उन्हाळ्यात वाळतात.

याहून मोठा धोका असा की उत्साहाच्या भरात उघड्या चिखलपट्टीवरच कांदळवनाची लागवड केली जाते. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात येणारे छोटे आणि मोठे रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, याच उघड्या चिखलावर आणि उथळ पाण्यात शेवाळ व सूक्ष्म जीव खातात. त्यांच्याबरोबर हजारो किनारी पक्षी असतात. तिथे झाडे लावणे म्हणजे त्यांचे ताट उचलणे. छायाचित्रात हिरवे दिसते म्हणून निधी देणाऱ्याला हे काम आवडते. आपण त्याला नकार द्यायला हवा.

टेकड्यांवरही असेच असते. पारसिकच्या किंवा खारघरच्या कातळ माथ्यावरचे गवत ओसाड दिसते, परंतु पावसाळ्यात तिथे सोनकी, तेरडा, सीतेची आसवे यांसारख्या वनस्पती आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात. तिथे खड्डे खणून गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावणे म्हणजे एक अधिवास मोडून दुसरा कृत्रिम अधिवास तयार करणे होय. उतारावर मात्र घाणेरी (लँटाना हे आक्रमक परदेशी झुडूप) माजलेली असेल, दरवर्षी जानेवारी ते मे या काळात वणवे लागत असतील आणि माती वाहून जात असेल, तर काम स्पष्ट आहे: घाणेरी मुळासकट काढणे, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) आखणे, वणव्यावर लक्ष ठेवणारी माणसे नेमणे, ओढ्यांवर वनराई बंधारे (माती भरलेल्या पोत्यांचे तात्पुरते बांध) घालणे आणि गरज असेल तिथेच ऐन, कुडा, पळस, बहावा, उंबर, काटेसावर अशी स्थानिक झाडे लावणे. वणवा दोन-तीन वर्षे थांबवला तर जुन्या खुंटांना फुटवे येतात आणि लागवडीची गरज किती कमी होते हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटते.

तलावांबद्दल थोडक्यात. ठाणे तलावांचे शहर म्हणवते, पण काठाला सरळ काँक्रीटची भिंत, त्यावर टाइल्स आणि मधोमध कारंजे ही तलावाची सजावट झाली. तिथे पाणकोंबडीला घरटे करायला जागा उरत नाही. सुधारणेचा खर्च मागायचा असेल तर सांडपाण्याची वाहिनी वळवणे, जलपर्णी नियमित काढणे आणि निदान एका बाजूचा काठ उतरता व मातीचा ठेवणे, एवढ्या तीन गोष्टींसाठी मागावा.

या पाहणीतून एक पानाचे टिपण तयार करावे: जागेचा नकाशा, आजची स्थिती दाखवणारी ठरावीक बिंदूंवरून काढलेली छायाचित्रे, पक्षी आणि वनस्पतींची पहिली यादी, बिघाडाचे कारण आणि ते दूर करण्याचा मार्ग. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र विभाग हे काम करायला आनंदाने तयार होतात, कारण विद्यार्थ्यांना प्रकल्प हवेच असतात. महापालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने तयार केलेली लोक जैवविविधता नोंदवही मागून घ्यावी. तिच्यात आपल्या जागेचा उल्लेख असेल तर तो प्रस्तावात उद्धृत करता येतो.

तिसरी पायरी: तीन वर्षांचे अंदाजपत्रक

नवख्या गटांचे अंदाजपत्रक सहसा एका दिवसाचे असते. अधिवासाचे काम निदान तीन वर्षांचे असते आणि त्यातला खर्चाचा मोठा भाग मजुरीचा असतो. उदाहरण म्हणून समजा, एका हेक्टरभर उतारावरची घाणेरी काढायची आहे आणि सहा माणसांना त्यासाठी बारा दिवस लागतात, म्हणजे ७२ मनुष्यदिवस. मुळाच्या गड्ड्याच्या खाली कापून झुडूप उपटले तरी मातीत पडलेले बी उगवतेच, म्हणून दुसऱ्या वर्षी पुन्हा ३६ आणि तिसऱ्या वर्षी १८ मनुष्यदिवस धरले तर एकूण १२६ होतात. ज्या गटाने फक्त ७२ दिवसांचे पैसे मागितले त्याच्या जागेवर तिसऱ्या वर्षी पुन्हा घाणेरी दिसेल. आकडे आपल्या जागेवर एका छोट्या तुकड्यात काम करून पाहूनच ठरवावेत. दुसऱ्या संस्थेचे आकडे उचलू नयेत, कारण उतार, दगड आणि रस्त्यापासूनचे अंतर यांवर सगळे अवलंबून असते.

मजुरीचा दर शासनाने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी धरू नये, आणि त्यात हातमोजे, बूट, प्रथमोपचार, अपघात विमा आणि सर्पदंशासाठी जवळचे सरकारी रुग्णालय कुठे आहे याची माहिती यांचाही समावेश असावा. रोपे लावायची असतील तर पहिल्या दोन उन्हाळ्यांचे पाणी, कुंपणाऐवजी राखणदार आणि मेलेल्या रोपांच्या जागी पुन्हा लावण्याची तजवीज धरावी. राडारोडा काढायचा असेल तर डंपरच्या फेऱ्या, तो रीतसर कुठे टाकणार त्याचे शुल्क आणि रात्री नवा भराव येऊ नये म्हणून अडथळा किंवा पहारा. नाल्याच्या मुखाशी कचरा अडवणारी तरंगती जाळी बसवायची असेल तर तिच्या किमतीइतकेच लक्ष रोज साचणारा कचरा उचलणाऱ्या माणसाच्या पगाराकडे द्यावे, कारण जाळी भरली की ती उधाणात तुटते.

नोंदी ठेवण्यासाठी आणि लेखापरीक्षणासाठी स्वतंत्र रक्कम दाखवावी. एकूण खर्चाच्या पाच ते दहा टक्के रक्कम निरीक्षणासाठी ठेवली तर ती फार वाटते, पण काम झाले की नाही हे सांगणारा तोच एकमेव भाग असतो. स्वयंसेवकांचे श्रमदान रुपयांत मोजून वेगळ्या रकान्यात लिहावे. ते निधीत मिसळू नये.

चौथी पायरी: संस्थेचे रूप

गट अनौपचारिक असताना लोकांकडून वर्गणी गोळा करता येईल असे समजू नये. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी धर्मादाय कार्यालयातून घेतात तशी परवानगी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली घ्यावी लागते. पहिल्या वर्षी मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा मार्ग म्हणजे आधीपासून नोंदणी असलेल्या एखाद्या विश्वासू संस्थेचा उपक्रम म्हणून काम सुरू करणे, तिच्या खात्यात या कामाचा वेगळा हिशेब ठेवणे आणि अधिकार कोणाचे हे दोन पानांच्या करारात लिहून घेणे.

स्वतःची संस्था काढायची ठरली तर दोन वाटा आहेत. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि वरील विश्वस्त कायदा यांखाली एकत्र नोंदणी करता येते. त्यासाठी किमान सात सदस्य लागतात. किंवा कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढता येते. तिचे कागदोपत्री बंधन जास्त असते. नोंदणीनंतर पॅन, बँक खाते, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक आणि आयकर खात्याकडील ‘१२ए’ (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) व ‘८०जी’ (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखली जाणारी मान्यता घ्यावी. नव्या संस्थेला ही मान्यता आधी तीन वर्षांसाठी तात्पुरती मिळते, नंतर ती नियमित करून घ्यावी लागते. आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा कायदा असल्यामुळे कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात. जुन्या क्रमांकांवर विसंबून अर्ज न भरता सनदी लेखापालाला विचारावे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा. हे राहून गेल्यामुळे निधी देणाऱ्याच्या छाननीत अडकलेल्या चांगल्या संस्था बऱ्याच आहेत.

पाचवी पायरी: पैसा कुठे आहे

आपल्या भागात सर्वाधिक बोलबाला कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा, म्हणजे सीएसआरचा असतो, आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा शेजारी असल्यामुळे ते साहजिकही आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायची असते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पर्यावरण, वनस्पती व प्राणी यांचे संरक्षण, माती-हवा-पाण्याची गुणवत्ता यांचा समावेश आहे आणि कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही त्यात म्हटले आहे. त्यामुळे रबाळे किंवा महापे येथील कंपनीकडे ऐरोलीच्या खाडीकाठाचा प्रस्ताव घेऊन जाणे हे दूरच्या जिल्ह्यातील प्रकल्पापेक्षा सोपे पडते.

अडचण अशी की सीएसआर निधी घेणाऱ्या बाहेरच्या संस्थेला आयकराची वरील दोन्ही मान्यता, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नमुन्यातील नोंदणी आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे नव्या संस्थेला पहिली तीन वर्षे हे दार प्रत्यक्षात बंदच असते. ती वर्षे जुन्या संस्थेच्या छत्राखाली काढणे म्हणूनच योग्य ठरते. दोन गोष्टी कंपनीला तिच्या भाषेत सांगता आल्या पाहिजेत. एक, दुसऱ्या कायद्याने बंधनकारक असलेले काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. त्यामुळे एखाद्या परवानगीच्या अटीपोटी लावायची झाडे आपल्या प्रकल्पात घुसडू देऊ नयेत. दुसरी, एका दिवसाच्या कार्यक्रमांचा खर्चही त्यात बसत नाही, उलट ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलेले काम सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालवता येते आणि त्याची न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून वापरता येते. बहुवर्षीय कामासाठी ही तरतूद फार उपयोगी आहे. ती कंपनीतल्या तरुण अधिकाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते, म्हणून आपणच प्रस्तावात तिचा उल्लेख करावा.

शासकीय पैसा सहसा संस्थेच्या खात्यात येत नाही. तो खात्यामार्फत कामावर खर्च होतो, आणि ते चांगलेच आहे. महापालिकेचे वृक्ष प्राधिकरण, उद्यान विभाग आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीसाठीचा स्थानिक जैवविविधता निधी ही तीन ठिकाणे विचारण्याजोगी आहेत. जिल्हा नियोजन समितीकडून वनविभागाला मिळणाऱ्या रकमेत आपल्या जागेचे काम बसवून घेता येते. खासदार निधी दरवर्षी ५ कोटी रुपयांचा असतो, पण तो टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी आहे. त्यातून रोपवाटिकेचे शेड किंवा पाण्याची टाकी होऊ शकते, राखणदाराचा पगार होणार नाही. प्रतिपूरक वनीकरण निधी कायदा २०१६ खालील ‘कॅम्पा’चा पैसा मोठा आहे, मात्र तो वनविभागाच्या वार्षिक आराखड्यातून जातो, त्यामुळे स्थानिक वनाधिकाऱ्याच्या आराखड्यात घाणेरी निर्मूलन किंवा जाळरेषा हे काम नोंदवले जाईल एवढाच प्रयत्न आपल्या हाती असतो. खाडीकाठच्या गावांसाठी कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना वेगळी आहे. खेकडापालन, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन अशा व्यवसायांना तिच्यातून साहाय्य मिळते. गटाने स्वतः अर्ज करण्यापेक्षा गावातील मंडळींना अर्ज भरायला मदत करावी.

आता रहिवाशांची देणगी. घोडबंदर रोडवरची किंवा पाम बीच मार्गालगतची मोठी गृहनिर्माण संकुले पाहून अपेक्षा फार वाढतात. सोसायटीने द्यायची रक्कम सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय घेऊ नये. सचिवाच्या तोंडी आश्वासनावर मजूर कामाला लावू नयेत. वैयक्तिक देणगीदारांच्या बाबतीत रोखीने २,००० रुपयांपेक्षा जास्त रकमेवर ८०जीची सवलत मिळत नाही, आणि जी मिळते ती जुन्या करपद्धतीतच मिळते, हे आधीच सांगितलेले बरे. देणगीदारांचे विवरण आणि प्रमाणपत्रे देण्याची मुदत आजवर आर्थिक वर्ष संपल्यानंतर ३१ मे ही असून उशिराला रोजचे शुल्क लागते. दरमहा थोडी रक्कम देणारे पन्नास शेजारी मिळाले तर ते एका मोठ्या देणगीपेक्षा अधिक मोलाचे असतात, कारण मे महिन्यात पाण्याच्या टँकरचे पैसे देण्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

परदेशी निधीची घाई करू नये. परकीय योगदान कायदा २०१० खालील नोंदणीसाठी साधारणपणे तीन वर्षांचे काम आणि त्या काळात किमान १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. पैसा नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच यावा लागतो आणि तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. अमेरिकेत नोकरी करणारा पण भारतीय पारपत्र असलेला शेजाऱ्यांचा मुलगा रीतसर बँकेतून देणगी देऊ शकतो. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर तीच रक्कम परकीय योगदान ठरते. हा फरक विचारायला संकोच वाटतो, तरी विचारावा.

सहावी पायरी: वर्षाचे गणित

पावसाचे आणि पैशाचे वर्ष जुळत नाही. कंपन्यांची गडबड जानेवारी ते मार्चमध्ये असते आणि त्या काळात तुमच्याकडे मार्चअखेरपूर्वी खर्च दाखवण्याची मागणी येते, तर लागवडीची वेळ जून-जुलैची आणि घाणेरी काढण्याची सोयीची वेळ पावसानंतर जमीन ओली असताना, फळे पिकून पक्ष्यांनी बी पसरवण्याआधी. म्हणून प्रस्ताव सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्यावा, महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सूचना डिसेंबरच्या आत पोहोचवाव्यात, रोपवाटिकेची नोंदणी आदल्या हिवाळ्यात करावी. मार्चमध्ये घाईने मिळालेल्या पैशातून रखरखीत उन्हात खड्डे खणण्याऐवजी हत्यारे, जाळरेषा आणि मोजणी यांवर खर्च करता येतो.

सातवी पायरी: प्रस्ताव आणि भेट

प्रस्ताव चार-पाच पानांचा पुरतो: टिपण, जमीन ताब्यात असलेल्या खात्याचे पत्र, तीन वर्षांचे अंदाजपत्रक, कामाचे वेळापत्रक आणि यश कशावरून मोजणार ते. शेवटच्या मुद्द्यावर निधी देणाऱ्यांशी सर्वांत जास्त वाद होतो. त्यांना रोपांची संख्या हवी असते, कारण ती मोजायला आणि छापायला सोपी. तिच्याऐवजी आपण दुसरे मोजता येण्याजोगे आकडे हाती ठेवावेत: किती चौरस मीटर भराव निघाला, किती मीटर ओढ्यात किंवा चरीत भरतीचे पाणी परत वाहू लागले, घाणेरीमुक्त क्षेत्र किती आणि ते दुसऱ्या वर्षीही मुक्त राहिले का, वणवा लागलेले क्षेत्र आदल्या वर्षीपेक्षा किती कमी, ठरावीक बिंदूंवरून दिसलेल्या पक्ष्यांच्या जाती. लागवड असेलच तर तीन वर्षांनंतर जिवंत असलेली झाडे मोजावीत. रोपांची संख्या आणि पाच फलक यांवरच अडून बसणाऱ्या कंपनीला मी स्वतः नाही म्हणेन. तो पैसा नंतर महागात पडतो.

निधी देणाऱ्याला जागेवर नक्की न्यावे, पण अभयारण्याच्या हद्दीत त्यांच्या शंभर कर्मचाऱ्यांचा लागवडीचा सोहळा ठेवण्याचे वचन देऊ नये. ओहोटीच्या वेळी खाडीकाठच्या बांधावरून दुर्बिणीने पाहणे पुरेसे असते, आणि शक्यतो गावातलाच एखादा मच्छीमार बोलावा.

आठवी पायरी: करार, हप्ते आणि हिशेब

सामंजस्य करारात निदान चार बाबी स्पष्ट असाव्यात: हप्ते कोणत्या टप्प्यावर मिळतील, पाऊस उशिरा आला किंवा वणवा लागला तर मुदत कशी वाढेल, छायाचित्रांचा आणि नावाचा वापर कोण कसा करेल, आणि शिल्लक रकमेचे काय होईल. पहिला हप्ता काम सुरू होण्याआधी मागावा; कारण मजुरांना आठवड्याला पैसे द्यावे लागतात आणि खर्च करून मग बिल देण्याची पद्धत छोट्या संस्थेला झेपत नाही.

प्रत्येक प्रकल्पाचा स्वतंत्र जमाखर्च, हजेरीपट, सहीनिशी मजुरीच्या पावत्या, मोठ्या खरेदीसाठी तीन दरपत्रके, तारीख व स्थान नोंदलेली छायाचित्रे आणि वर्षअखेरीस लेखापालाच्या सहीचे उपयोगिता प्रमाणपत्र, एवढी फाइल नीट असली की पुढचा निधी मिळवण्याचे अर्धे काम झालेले असते. अहवालात मेलेली रोपे आणि परत आलेली घाणेरी लपवू नये. आकडा कमी आला तर कारणासह लिहावा आणि दुसऱ्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्यानुसार बदल मागावा. अनुभवी निधीदार शंभर टक्के जगल्याच्या अहवालावरच संशय घेतात.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच, निधी संपण्याच्या कितीतरी आधी, जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्या खात्याला पुढील देखभालीचे पत्र द्यावे: वर्षाला किती मनुष्यदिवस लागतील, कोणत्या महिन्यात, कोणत्या कोपऱ्यात. हे पत्र त्यांच्या वार्षिक आराखड्याच्या वेळेत पोहोचले पाहिजे. काम आटोपल्यावर पैसा उरला तर तो परस्पर दुसऱ्या जागेवर वळवू नये; निधी देणाऱ्याची लेखी संमती घ्यावी किंवा तो परत करावा, आणि ते पत्र त्याच फाइलमध्ये लावावे.